हँगरमधला संसार

अमेरिकेतल्या लहानशा विमानतळांवर खासगी विमानांच्या हँगरांची एखादी तरी रांग असतेच. त्यांतलं एखादं दार उघडं असलं, तर विमानाइतकंच लक्ष भोवतीच्या पसाऱ्याकडे जातं. चाकांपुढे लावायचे ठोकळे, पुढच्या चाकाला अडकवून विमान ओढायचा दांडा, हवेचा कॉम्प्रेसर, इंजिनाखाली तेल टिपायला ठेवलेली पत्र्याची परात, बॅटरीचा चार्जर, पाठीवर झोपून विमानाच्या पोटाखाली सरकायची चाकांची फळी, आग विझवायचं नळकांडं हे सगळं समजण्यासारखं आहे. पण त्याला लागूनच जुना सोफा असतो, छोटा फ्रिज असतो, कॉफीचं यंत्र, जाजमाचा तुकडा, रेडिओ आणि भिंतीवर टांगलेलं जुन्या प्रॉपेलरचं पातं असतं. ही दुसरी यादी पाहून बहुतेक लोक एकच निष्कर्ष काढतात: पैसेवाल्यांची हौस. आधी विमान घेतलं, मग त्याला घर बांधलं, मग त्या घरात बैठक मांडली, असा क्रम ते मनात धरतात. इतिहास तपासला तर हा क्रम उलटा निघतो. शेगडी, खाट आणि खुर्ची हँगरमध्ये शिरली ती इंजिनाचं विमान उडायच्याही आधी. ती तिथे आली यंत्राच्या गरजेपोटी, आणि जिथे ती गरज दुसऱ्या कुणी भागवली तिथले हँगर आजही उघडेबोडके आहेत.

पुराव्याची सुरुवात उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या किल डेव्हिल हिल्सपासून करावी लागते. राइट बंधू 1900 साली त्याच्या जवळच किटी हॉकला तंबूत राहिले. 1901 साली त्यांनी किल डेव्हिल हिल्सला आपल्या ग्लायडरसाठी लाकडी शेड उभारली, पण स्वतः तंबूतच झोपले आणि डासांनी त्यांना अक्षरशः फोडून काढलं. 1902 च्या ऑगस्टअखेर ते परतले, तेव्हा हिवाळ्याच्या वाऱ्याने शेडची दोन्ही टोकं खचली होती. उडायचं बाजूला ठेवून त्यांनी पहिले कित्येक दिवस सुतारकामात घालवले. शेड दुरुस्त केली, तिला जोडून स्वयंपाकघर आणि राहायची जागा काढली, विहीर खणली, आणि खाली ग्लायडर अन् वर छताच्या तुळयांवर बिछाने अशी झोपायची सोय केली. ज्या सरळ पाठीच्या खुर्च्या होत्या त्यांवर लाकडाच्या बारीक छिलक्यांची भर घालून वरून गोणपाट ठोकलं. विल्बरने त्या वर्षी एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात या सुधारणांची मोठ्या समाधानाने यादी दिली आहे. वाळूत चालेल अशी बदललेली सायकल त्यात आहे, आणि यंदा डास नाहीत अन् गेल्या वर्षीचे एक नकोसे पाहुणेही नाहीत, हा टोमणाही आहे. विमानाशेजारच्या गादीच्या खुर्चीचा वंश शोधायचा तर तो या गोणपाटापर्यंत पोचतो. 1903 मध्ये त्यांनी इंजिनाच्या यंत्रासाठी 44 फूट लांब आणि 16 फूट रुंद अशी दुसरी इमारत बांधली, आणि थंडी वाढल्यावर कार्बाइडच्या रिकाम्या डब्याची शेगडी केली. सुरुवातीला तिच्या धुराने घरातलं सगळं काळं झालं. 17 डिसेंबरच्या उड्डाणांपूर्वी आठवडे न् आठवडे प्रॉपेलरचे दांडे तुटत होते, दुरुस्तीला त्यांच्या गावी डेटनला जाऊन परत येत होते, वादळं होत होती, आणि दोघे त्या शेगडीभोवती बसून होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. त्या वाळवंटी किनाऱ्यावर दुसरी सोयच नव्हती. माणूस नाइलाजाने गोठ्यात झोपला म्हणून गोठ्याला घर म्हणायचं का? आक्षेपात तथ्य आहे, पण नाइलाज शेगडी आणि खाटेपाशी संपतो, खुर्चीच्या गादीपर्यंत जात नाही. शिवाय नाइलाज नव्हता तिथे काय झालं, हे पाहायची संधी इतिहासाने लगेच दिली. 1908 च्या उन्हाळ्यात विल्बर फ्रान्समध्ये ल माँ इथे आला. शहरात चांगलं हॉटेल होतं आणि सुरुवातीला तो तिथेच उतरला. मोटारींचे कारखानदार लेऑँ बोले यांनी आपल्या कारखान्यात त्याला जागा दिली होती. विमान जुळून युनोदिएरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर गेलं आणि विल्बरने हॉटेल सोडलं. तो शेडमध्येच विमानाच्या पंखाजवळ खाट टाकून राहू लागला, छोट्या स्टोव्हवर स्वतःचं अन्न शिजवू लागला. 8 ऑगस्टला त्याने पावणेदोन मिनिटांचं उड्डाण केलं आणि रातोरात प्रसिद्ध झाला. तरी मुक्काम हलला नाही. तळ तिथून ओवूरच्या लष्करी मैदानावर गेला, तसा संसारही गेला. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्याच पो इथे राजेमहाराजे बघायला येत होते, भाऊ आणि बहीण उत्तम हॉटेलात राहत होती, आणि विल्बर शेडमधल्या खोलीत. फ्रेंच वृत्तपत्रांना हा अमेरिकन साधेपणाचा अवतार वाटला. मला त्यात साधेपणापेक्षा हिशोब अधिक दिसतो. त्या काळची विमानं जेमतेम वाऱ्यात उडायची, आणि वारा पडतो पहाटे आणि संध्याकाळी. पहाटे पाच वाजता हवा स्थिर आहे की नाही हे हॉटेलच्या खिडकीतून कळत नाही. तारा, साखळ्या आणि कापड यांची यंत्रणा रोज तपासावी लागे, आणि ती दुसऱ्याच्या हाती द्यायला विल्बर तयार नव्हता. ज्याला वाट बघायची आहे आणि दुरुस्तीही स्वतःच करायची आहे, त्याचा मुक्काम यंत्रापाशीच पडतो.

ही दोन कामं, वाट बघणं आणि दुरुस्ती, नीट लक्षात ठेवली तर पुढचं बरंचसं उलगडतं. अलास्कात 1920 आणि 1930 च्या दशकांत जे वैमानिक दुर्गम वस्त्यांना टपाल, औषधं आणि माणसं पोचवत होते, त्यांची पद्धत इथे पाहण्यासारखी आहे. शून्याखाली तीस-चाळीस अंशांत उतरल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनातलं तेल गरम आहे तोवर डब्यात काढून घेणं, कारण थंड झालं की ते घट्ट होऊन नळ्यांत बसतं. तो डबा रात्रभर घरातल्या शेगडीजवळ ठेवायचा. सकाळी विमानाच्या नाकावर जाड कॅनव्हासचा झगा पांघरायचा, त्याच्या आत पेट्रोलवर जळणारी छोटी भट्टी इंजिनाखाली ठेवायची, आणि हातात विझवायचं साधन घेऊन तिथेच बसून राहायचं. उठून गेलं तर विमान जळायचं, आणि अशी विमानं जळलीही आहेत. इंजिन हाताला उबदार लागलं की तापवलेलं तेल आत ओतायचं आणि ते पुन्हा गार व्हायच्या आत प्रॉपेलर फिरवायचा. या सगळ्यात ऊब आधी इंजिनाला लागत होती. माणसाला ती त्याच्या शेजारी बसल्याबद्दल मिळत होती. पुढे झगा जाऊन चार भिंती आल्या, भट्टीच्या जागी विजेची तापकं आली, पण थंड प्रदेशातल्या हँगरमध्ये हीटर का आणि सोफा हीटरजवळ का, याचं उत्तर या कॅनव्हासच्या झग्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत खासगी विमानांची लाट आली. 1946 या एकाच वर्षात तिथे तीस हजारांहून अधिक नागरी विमानं तयार झाली. युद्धातून परतलेला प्रत्येक वैमानिक आता घरचं विमान घेईल असा कारखानदारांचा अंदाज होता, आणि तो सपशेल चुकला. पण विमानं तर आली, आणि ती ठेवायला स्वस्त जागा लागली. सर्वत्र पसरलेलं उत्तर म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा हँगर. विमान पंखांपाशी रुंद आणि शेपटीकडे अरुंद असतं. पायपर कबचे पंख 35 फूट, लांबी साडेबावीस फूट. सेसना 172 चे पंख 36 फूट, लांबी 27. अशा आकाराला चौकोनी खोली दिली तर शेपटीच्या दोन्ही बाजूंची जागा वाया जाते. म्हणून एकाची शेपटी दोघांच्या शेपट्यांमध्ये, तोंडं विरुद्ध दिशांना, अशी टी-खोल्यांची एकमेकांत अडकलेली लांब चाळ बांधली जाते. भूमितीने एवढी काटकसर केल्यावरही शेपटीपाशी दोन्हीकडे थोडी पट्टी उरते. तिथे दुसरं काहीही उभं राहू शकत नाही. पण कामाचं मेज, हत्यारांची फळी, एक फ्रिज आणि दोन खुर्च्या बरोबर मावतात. हँगरमधल्या बैठकीचा नकाशा कुण्या सजावटकाराने काढलेला नाही. विमानाच्या शेपटीने तो काढला, आणि तिथे खुर्ची गेली कारण मेज आधी गेलेलं होतं.

मेजावर काम कसलं, याचं उत्तर 1950 च्या दशकात मिळालं. घरी बांधलेल्या विमानांना अमेरिकन नियमांत स्वतंत्र वर्ग मिळाला, आणि 1953 च्या जानेवारीत मिलवॉकी इथे पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी बांधकाऱ्यांची संघटना, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, स्थापन केली. नियमाची अट अशी की विमानाच्या बांधणीचा बहुतांश भाग हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेला असावा. तयार सुट्या भागांचा संच घेतला तरी असं काम हजार-हजार तास खातं. नोकरी करून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हे तास भरायचे म्हणजे वर्षं जातात. गॅरेजमध्ये पंख बनतो, पण धडाला पंख लावायची वेळ आली की हँगर गाठावाच लागतो. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात: एक बाहेरून हवेची बंदूक धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. त्या दुसऱ्या माणसाला कुठेतरी बसवायला हवं, काहीतरी प्यायला द्यायला हवं, नाहीतर तो पुढच्या शनिवारी येत नाही. या संघटनेच्या शाखांच्या बैठकाही बऱ्याच ठिकाणी कुणाच्या तरी हँगरमध्येच भरतात.

आता उलटा पुरावा. सुखसोयी यंत्रामुळे येतात हे खरं असेल, तर जिथे वाट बघण्याची आणि दुरुस्तीची सोय दुसरीकडे झाली तिथले हँगर रिकामे दिसले पाहिजेत. ब्रिटनमध्ये नेमकं हेच झालं. डी हॅविलंडचं मॉथ विमान 1925 च्या फेब्रुवारीत उडालं, आणि सरकारने अनुदान दिलेल्या हलक्या विमानांच्या क्लबांनी ते उचललं. मॉथचे पंख मागे दुमडता येत. तीस फुटांचं विमान दहा फुटांच्या आत बसे. म्हणजे त्याला लागणारी जागा मोटारीच्या गॅरेजपेक्षा फार मोठी नव्हती, आणि दुमडलेल्या मॉथशेजारी खुर्ची ठेवायला जागा उरत नव्हती. दुरुस्ती क्लबचे पगारी मेकॅनिक करत. हवा सुधारायची वाट बघायची ती क्लबच्या दिवाणखान्यात, चहाचा कप किंवा पेला हातात घेऊन. ब्रुकलंड्सला 1932 साली वास्तुविशारद ग्रेअम डॉबार्न यांनी बांधलेली क्लबची देखणी इमारत अजून उभी आहे. आराम सगळा तिथे गेला, हँगरमध्ये विमान तेवढं राहिलं.

आपल्याकडे हाच ब्रिटिश साचा आला. जुहूचा विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब दोन्ही 1928 चे. सरकारी मदतीवर चालणारा क्लब, क्लबची मॉथ विमानं, क्लबचा इंजिनिअर. जे.आर.डी. टाटांना फेब्रुवारी 1929 मध्ये देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो याच क्लबच्या जोरावर. 15 ऑक्टोबर 1932 ला त्यांनी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ जुहूला उतरवलं, तेव्हा त्यांच्या विमान कंपनीचं बस्तान झावळ्यांनी शाकारलेल्या शेडमध्ये होतं. पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर पाणी भरे आणि सगळं पुण्याला हलवावं लागे. दरवर्षी उचलून न्यायच्या बिऱ्हाडात कुणी कपाटं ठोकत नाही. हवेची अडचणही अलास्काच्या उलट होती: इथे तेल गोठत नसे, पण खारा दमट वारा तारा आणि बिजागऱ्या गंजवी, आणि लाकूड-सरसाची जोडणी पावसाळ्यात भरवशाची राहत नसे. यंत्राची गरज उबेची नव्हती, कोरडेपणाची आणि मोकळ्या हवेची होती. ती गरज शेजारी बसून भागत नाही. स्वातंत्र्यानंतर विमानाची आयात, पेट्रोल आणि परवाने यांची जी अवस्था होती, तिच्यात स्वतःचं विमान स्वतःच्या हँगरमध्ये ठेवणारा माणूस हा वर्ग इथे तयारच झाला नाही. भारतीय हँगरांत सोफे नाहीत याचं कारण गरिबी असं सांगितलं जातं. पण क्लब चालवणारे लोक गरीब नव्हते. त्यांना बसायला क्लब होता.

पैशाचा मुद्दा एवढ्यावर सोडता येणार नाही, कारण तोच मुख्य आक्षेप आहे. विमानाच्या इतिहासातला पहिला खरा श्रीमंत हौशी म्हणजे पॅरिसमधला ब्राझिलियन अल्बर्टो सांतोस-द्युमाँ, कॉफीच्या मळ्यांचा वारस. त्याने सँ-क्लू इथे आणि पुढे नुईला आपल्या वायुनौकांसाठी शेडी उभारल्या. त्यांत वायुनौकेला लागणारी सगळी सामग्री होती. त्याच्या स्वतःच्या ऐषआरामाचं ठिकाण मात्र शाँझेलिझेवरचं बिऱ्हाड. तिथे तो पाहुण्यांना उंचच उंच टेबल-खुर्च्यांवर बसवून जेवू घाली. शेडमध्ये राबायला त्याचे मेकॅनिक होते. आजही चित्र तसंच आहे. कोट्यवधींच्या खासगी जेटचा हँगर आत जाऊन पाहावा: पांढऱ्या रंगाची चकचकीत फरशी, एक ओढगाडी, बाकी काही नाही. मालकासाठी आलिशान खोली विमानतळावरच्या सेवा कंपनीने वेगळी राखलेली असते, आणि मालक हँगरमध्ये पाऊलही टाकत नाही. सर्वांत भरगच्च संसार सापडतो तो पन्नास-साठ वर्षं जुन्या विमानाच्या शेजारी, आणि त्यातला सोफा घरातून बाद झालेला असतो. खर्च आणि सुखसोयी सोबत वाढत असत्या, तर हे प्रमाण उलटं दिसायला हवं होतं. मोठ्या, तापवलेल्या फरशीच्या, माळ्यावर पाहुण्यांची खोली असलेल्या हँगरांची छायाचित्रं मासिकांत झळकतात हे खरं. पण मासिकं जे विरळ आहे तेच छापतात.

आगीचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. जुन्या विमानांच्या कापडावर चढवायचा लेप भडकन पेटणारा होता, आणि पेट्रोल तर आजही तिथेच आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती जमिनीलगत पसरते. अशा ठिकाणी शेगडी आणि फ्रिज ठेवणं हा निष्काळजीपणा आहे, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडता येत नाही. विजेच्या अमेरिकन नियमांनी हँगरच्या जमिनीपासून दीड फुटापर्यंतचा थर धोक्याचा ठरवला आहे. ठिणगी पाडू शकणारं साहित्य त्याच्या वर न्यायचं. साध्या घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर नेमका तळाशी असतो, म्हणून जाणते लोक त्याला उंच ओट्यावर बसवतात. ज्योतीचे हीटर छताला टांगले जातात, विमानाच्या पंखांच्याही बरेच वर. या नियमांनी सुखसोयी काढून टाकल्या नाहीत, त्यांना उंची दिली. आणि धोका मान्य करूनही एक गोष्ट उरते: तेलाची गळती आधी लक्षात येते ती रोज तिथे बसणाऱ्याच्या. कुलूप लावून महिनोन्‌महिने सोडलेल्या हँगरमध्ये ती परातीबाहेर जाईपर्यंत कुणाला कळत नाही.

अमेरिकन सरकारला जो त्रास झाला तो वेगळ्याच कारणाने. सार्वजनिक विमानतळांवरचे हँगर केंद्रीय अनुदानाच्या जोरावर स्वस्त भाड्याने मिळतात, आणि काही लोकांनी त्यांत विमानाऐवजी मोटारी, होड्या, घरसामान भरलं. विमानवाले मात्र प्रतीक्षायादीत. तक्रार रास्त होती. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने 2014 मध्ये जो मसुदा काढला त्यात मात्र घरी बांधलेल्या विमानाची फक्त शेवटची जुळणी हे विमानाचं काम मानलं होतं. त्याआधीची वर्षं म्हणजे जणू गोदाम. बांधकाऱ्यांनी गदारोळ केला. 2016 च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या आणि 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या अंतिम धोरणात हौशी, बिनव्यावसायिक बांधणी संपूर्णपणे विमानाचं काम म्हणून मान्य झाली. हँगर मुख्यतः विमानासाठी वापरात असेल आणि विमानाच्या वाटेत येत नसेल, तर किरकोळ इतर वस्तू ठेवायलाही हरकत राहिली नाही; राहायला मात्र मनाई. म्हणजे सरकारनेही शेवटी कसोटी लावली ती वस्तूला नाही, तिथे विमानाचं काम चालू आहे का याला. ज्यांना राहायचंच आहे त्यांच्यासाठी खासगी जमिनीवरच्या वसाहती आहेत. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळ 1946 साली वसलेली सिएरा स्काय पार्क ही त्यांतली पहिली मानली जाते. तिथले रस्ते विमानं घरापर्यंत चालत जावीत इतके रुंद आहेत.

घर आणि हँगर एकत्र येण्याचं एक उदाहरण मुंबईतही घडलं, पण दुसऱ्या टोकाने. वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं ते कांदिवलीला चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर. हँगर मिळाला नाही म्हणून विमानच घरी आलं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाला जे जे लागतं, हत्यारं ठेवायची जागा, सावली, पाणी, जेवण, मदतीला घरची माणसं, ते सगळं जिना उतरलं की आयतं होतं, त्यामुळे वेगळा सोफा लागला नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, आणि चाचण्यांसाठी ते धुळ्याच्या धावपट्टीवर गेलं. गच्चीवर एकच गोष्ट मिळत नव्हती, जी सर्वांत स्वस्त टी-हँगरलाही असते: विमान बाहेर ढकलता येईल असं दार. ते खाली उतरवायला क्रेन लावावी लागली.